खाणीच्या पाण्याकाठून

पुणे,
१८ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

परवा पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढलो. गुडघे कुरकुरले, पण देवळापर्यंत पोचलो. परतताना खाणीपाशी टेकलो. दगड नेला, खड्डा राहिला, त्याचं तळं झालं. पलीकडच्या कडेने एक मोर पाण्याला आला होता. आणि पाण्यात एक वठलेलं खोड तरंगत होतं.

तेवढ्यावरून मी थेट भवानी पेठेत, तुमच्या वखारीत! पट्ट्याची करवत ओंडक्यात शिरताना आधी किंचाळायची, मग सूर धरायची. सागाच्या भुशाला जुन्या चामड्यासारखा वास. तुला अभ्यासाला बोलवायच्या निमित्ताने मी तासभर तिथे उभा असायचो, हे तुझ्या आईला चांगलं ठाऊक होतं.

अण्णा सांगायचे ते आठवतं? जुने लोक ओंडके मुद्दाम तळ्यात टाकून ठेवत. बुडालेल्या लाकडाला हवा नाही, म्हणून बुरशी नाही, भुंगेरा नाही, आणि उन्हाने टोकं तडकत नाहीत. "पण ओला साग टाकशील तर तळ गाठेल," हे वर. म्हणून ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याला खाच घेऊन त्याला दोन-तीन वर्षं जागीच वाळू द्यायचे, मग नदीत सोडायचे. मला तेव्हा ती थाप वाटली होती. थाप नव्हती.

टेकडीवरचं रान मात्र त्यांच्या पसंतीला कधी उतरलं नाही. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पं, मूळची मध्य अमेरिकेची. सध्या पानं झडून फांद्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडल्यात, दिसतात झकास. अण्णा एकदा आपल्याबरोबर आले होते. एका खोडावर थाप मारून म्हणाले, "धड एक फळी निघायची नाही. बरंय, कोणी तोडणार नाही." बिचाऱ्यांनी लाकूडवाल्यांचा हिशेब केला, रस्तेवाल्यांचा नाही.

अरे हो, वखार विकलीत त्या दिवशी तू माझ्याकडे ठेवायला दिलेला ओंडक्यांवर छाप मारायचा हातोडा माळ्यावर सापडला. उलटं 'श' अजून स्पष्ट आहे. दांडा तेवढा किडलाय, सागाचा नसणार! कुरिअरने पाठवणार नाही. मे महिन्यात ये आणि घेऊन जा. तोवर खाणीतलं पाणी बरंच खाली गेलेलं असेल, पण बसायला जागा आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या