पिशवी काढण्याविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझ्या तपासणीचा विषय निघाला तेव्हा बाबांनी "मोठी गाठ किती सेंटिमीटरची आहे?" एवढेच विचारले आणि ते गप्प झाले, आणि आई, तू "एकदाची पिशवी काढून टाक आणि मोकळी हो" असे म्हणून फोन ठेवलास. त्या दोन वाक्यांना तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, पण शेवटी मला तुम्हा दोघांकडून एकेक माहिती हवी आहे, तेव्हा मध्येच सोडू नये ही विनंती.

माझ्या गर्भाशयात तीन गाठी आहेत. फायब्रॉइड म्हणतात त्या याच. गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंच्या पेशींपासून त्या तयार होतात आणि शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसल्या जातात. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी गाठ झालेली असते आणि त्यांतील बऱ्याच जणींना तिचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

बाबा, तुम्ही दर वेळी सहा सेंटिमीटरच्या गाठीची चौकशी करता, पण ती गर्भाशयाच्या भिंतीत आणि बाहेरच्या अंगाला आहे आणि बिचारी काही करत नाही. फार तर मूत्राशयावर रेलते आणि मला रात्री एकदा उठवते. तिच्या दाबामुळे मूत्रपिंडाला सूज आली आहे का, हे सोनोग्राफीत मुद्दाम पाहिले आणि तसे काही नाही. खरा त्रास आहे तो जेमतेम दोन सेंटिमीटरच्या धाकटीचा, कारण ती गर्भाशयाच्या पोकळीत, अस्तराच्या खाली डोके काढून बसली आहे, आणि अशा जागेची लहानशी गाठही पाळीचा रक्तस्राव कितीतरी पटींनी वाढवू शकते. गाठीचा आकार विचारण्याआधी तिची जागा विचारावी, हे मलाही या वर्षीच कळले.

तुम्ही दोघेही ज्या शब्दाचा उच्चार टाळत आहात, त्याविषयी आता स्पष्ट लिहिते. फायब्रॉइड हा कर्करोग नव्हे, आणि साध्या गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही सहसा मानले जात नाही. स्नायूंचा एक दुर्मीळ कर्करोग मात्र फायब्रॉइडसारखाच दिसू शकतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी कोणतीही एक तपासणी त्याविषयी शंभर टक्के खात्री देऊ शकत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवली नाही, म्हणून मीही तुमच्यापासून लपवत नाही. वाढत्या वयाबरोबर, विशेषतः पाळी गेल्यानंतर, त्याची शक्यता वाढते, आणि पाळी गेल्यावरही गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये असे मला बजावले आहे. माझे वय 44 आहे, गाठींचे रूप नेहमीचेच आहे, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना काढून तपासला तोही निर्दोष आला. एवढ्यावर मी रात्री झोपू शकते. तुम्हीही झोपावे.

ज्याची भीती वाटायला हवी होती, त्याची मात्र आपल्यापैकी कोणालाच वाटली नाही. पहिल्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन 7.8 निघाले. प्रौढ स्त्रीमध्ये 12 च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात आणि 8 च्या खाली तो तीव्र मानतात. एक जिना चढून छातीत धडधडणे, केस गळणे, दुपारी वाक्य अर्धवट सोडून विसरणे, हे सगळे मी वयाच्या आणि कामाच्या नावावर खपवत होते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तासाभरात पॅड भिजत होते आणि मी घराबाहेरची कामे त्या बेताने ठरवत होते, पण याला आजार म्हणतात हे सुचले नाही. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे मला सतत बर्फ चघळावासा वाटे. डॉक्टरांनी स्वतःहून तेच विचारले, तेव्हा मी चकित झाले. शरीरातील लोह संपत आले की अशा न खाण्याच्या वस्तूंची ओढ लागते.

आणि आई, त्याच क्षणी मला तू आठवलीस. माझ्या दप्तरातील पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे तू लपून खात असायचीस आणि आम्ही तुला हसायचो. पाळीच्या दिवसांत तू भिंतीला टेकून बसायचीस, ओठ पांढरे पडलेले असायचे, आणि कोणी विचारले तर "अंगावरून जरा जास्त जाते आहे, होईल बरे" एवढेच म्हणायचीस. तुझी तेव्हा कोणी सोनोग्राफी केली नाही आणि रक्तही तपासले नाही, म्हणून तुला काय होते हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण या गाठी आई-मुलींत आणि सख्ख्या बहिणींत अधिक आढळतात हे मला समजले, तेव्हा मी धाकट्या बहिणीला त्याच दिवशी फोन करून रक्त तपासून घ्यायला सांगितले. आम्ही हसलो त्याचे मला फार वाईट वाटते.

आता पिशवी काढण्याविषयी. तो उपाय खात्रीचा आहे हे मला मान्य आहे. गर्भाशयच नसेल तर गाठी पुन्हा होणार नाहीत. पण आई, तू मावशीचे उदाहरण देतेस तेव्हा अर्धेच सांगतेस. तिचे गर्भाशय 38 व्या वर्षी काढले आणि त्याबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, जी या गाठींसाठी काढण्याची तशी काही गरज नव्हती. अंडाशये गेली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि ती इतक्या लवकर आली तर हाडे आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. पुढे तिचे मनगट साध्या पडण्याने मोडले ते त्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. पण "मोकळी झाली" हे काही तिच्या गोष्टीचे शेवटचे वाक्य नव्हते. अंडाशये जागेवर ठेवूनही गर्भाशय काढता येते, आणि एखादीला तेच योग्य ठरते. मलाही पुढे ठरले तर मी हट्ट धरणार नाही.

सध्या मात्र फक्त धाकटी गाठ काढायची आहे. तिचा निम्म्याहून अधिक भाग पोकळीत असल्यामुळे ती योनीमार्गातून दुर्बीण घालून काढता येते. पोटावर छेद नाही, टाके नाहीत, आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. मोठी गाठ तशीच राहील आणि तिच्यावर ठरावीक काळाने नजर ठेवली जाईल. पाळी साधारणपणे 45 ते 55 या वयात जाते आणि त्यानंतर या गाठी बहुधा आकसतात, म्हणजे मला काही वर्षेच निभावून न्यायची आहेत. मुलांचा प्रश्न आमच्यापुरता मिटलेला असल्याने त्या बाजूने विचार करावा लागला नाही. बाबा, तुम्ही पाठवलेला गाठ विरघळवणाऱ्या औषधाचा मजकूर मी वाचला. गाठ लहान करणारी संप्रेरकांवरची औषधे खरोखरच आहेत, पण ती थांबवली की गाठी बहुतेक वेळा पुन्हा वाढतात, आणि कायमची विरघळवून टाकणारे म्हणून जे विकले जाते त्यावर माझा विश्वास नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त वाढवणे आवश्यक होते. लोहाची गोळी मी आधी चहाबरोबर घेत होते, आणि चहा लोह शोषू देत नाही, त्यामुळे दोन महिने फुकट गेले. नंतर शिरेतून लोह दिले आणि आता हिमोग्लोबिन 10.4 आहे. बर्फाची ओढ आठवड्याभरातच गेली होती.

पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळीही लिहून द्यायची आहे, पण ती देण्यापूर्वी घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली होती का, असे डॉक्टरांनी विचारले. बाबा, तुमच्या पायात गुठळी झाली होती ती नेमकी कोणत्या वयात, आणि ती एखाद्या शस्त्रक्रियेनंतर झाली की काही कारण नसताना, हे जुने कागद पाहून कळवावे. आणि आई, तुझी पाळी कोणत्या वर्षी गेली ते आठवून सांग. नेमके नसले तरी चालेल, आम्हा दोघींपैकी कोण कितवीत होते एवढे आठवले तरी मी हिशोब करीन. बुधवारी सकाळी मला डॉक्टरांकडे जायचे आहे, तेव्हा मंगळवारी रात्री फोन करते. फोन दोघांनी मिळून घ्यावा.

तुमची,
थोरली