रुंद मापाचा सांधा हातानेच करावा लागतो

महोदय,

सुट्टीतल्या छंदांवरच्या आपल्या पानात छोट्या रेल्वेसाठी तयार रूळ आणि सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे जोड) विकत आणा, असा सल्ला होता. आपली भारतीय गाडी करणाऱ्याला तो पुरत नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील कुर्डुवाडीला सांधेवाले होते. तिथे मुंबई-मद्रासचा रुंद मार्ग आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी शेजारी शेजारी होती. तेच यार्ड मी घरी फळ्यांवर १:८७ प्रमाणात उभारते आहे. बाजारातल्या एचओ (म्हणजे याच १:८७ प्रमाणाच्या) रुळांचे अंतर १६.५ मिमी, कारण ते परदेशातल्या १,४३५ मिमी मार्गाचे. आपला मार्ग १,६७६ मिमीचा, म्हणजे १९.३ मिमी व्हायला हवा. गंमत अशी की बार्शीच्या ७६२ मिमी मार्गाला एन या आणखी लहान मापाचे ९ मिमीचे तयार रूळ जवळपास बरोबर बसतात. अडते ते रुंद मार्गापाशी, आणि त्यातही सांध्यापाशी.

सर्किट बोर्डाच्या, तांबे चढवलेल्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे आणि त्यांवर रुळांना डाग द्यायचा (सोल्डर करायचे). प्रत्येक पट्टीवरचे तांबे मध्ये कानशीने तोडायचे, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट होते. क्रॉसिंगचे, म्हणजे दोन मार्गांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथले, टोक मी एकास साडेआठचे करते: कागदावर ८.५ सेंमी लांब आणि शेवटी १ सेंमी उघडणारा कोन आखायचा व त्यावर दोन रूळ घासून जुळवायचे. क्रॉसिंगला वेगळी वायर लागते, कारण गाडी ज्या बाजूला वळते त्याप्रमाणे त्यातला प्रवाह बदलावा लागतो.

माझे पहिले तीन सांधे वाया गेले. क्रॉसिंग नीट होते, पण समोरचा चेक रूळ (चाकाला आतून अडवणारा छोटा रूळ) मी नजरेने लावला होता. जोडीतल्या पलीकडच्या चाकाला तोच धरून ठेवतो, तेव्हाच क्रॉसिंगवरचे चाक टोकाच्या चुकीच्या बाजूला शिरत नाही. आता मी क्रॉसिंगच्या टोकापासूनच चेक रुळाचे माप घेते.

जिभेची, म्हणजे सांध्यातल्या सरकत्या निमुळत्या रुळाची, पारख वडिलांमुळे सुचली. खऱ्या सांध्यात जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिमीचा अडथळा घालून पाहतात; तेव्हा जीभ जागेवर पक्की करणारे सांध्याचे कुलूप लागता कामा नये. आमच्या प्रमाणात ते ५ मिमी म्हणजे जेमतेम कागदाची जाडी! म्हणून मी आपल्याच वृत्तपत्राची पट्टी तिथे घालून ओढते. ती सहज निसटली, तर जीभ पुन्हा कानशीखाली जाते.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत १९.३ मिमीच्या सांध्याचा आराखडा पूर्ण मापात छापावा. तो मी काढून देईन. शेजारी १० सेंमीची रेघ मात्र जरूर छापा. छपाईत माप थोडे जरी आखडले, तरी मुलांना ती रेघ पट्टीने मोजून लगेच कळेल.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर