सायकलवाल्या मामांचे जाहीर आभार

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "ऱ्हाऊ द्या बाई, चहा सांगू का?" म्हणून विषयच मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहिते. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, त्याला सांगून ठेवलंय.

पैसे घेऊन सायकल नीट करून देणारे सांगली-मिरजेत अजून पुष्कळ आहेत. तो धंदा आहे, त्यात उपकार कसले! माझे आभार आहेत ते तुम्ही करून दिलेल्या वाटणीबद्दल. कुठलं काम मी घरी करायचं आणि कुठल्या कामाला पाना लावायच्या आधी तुमच्याकडं यायचं, हे तुम्ही एकेका कामावर बोट ठेवून सांगितलंत. आपलं गिऱ्हाईक आपल्या हातानं कमी करणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या आमच्या जिन्याखाली वडिलांची जुनी ॲटलास होती, ती हँडलसकट पाण्यात गेली. पूर ओसरला तेव्हा गॅरेजांपुढं मोटरसायकलींच्या रांगा, त्यात सायकलीला कोण विचारतो? एका दुकानात दिली. त्यांनी पाइपानं धुतली, चेनला ऑईल मारलं, मडगार्ड पुसून चकचकीत केलं आणि ओव्हरऑइलिंगचे पैसे घेतले. दिसायला अगदी लग्नात नेण्यासारखी. पण पायडल मारलं की पोटातून करकर यायची, आणि चढाला उभं राहून जोर लावला की क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, हलायचा.

मी शिकवते त्या शाळेतल्या शिपाईदादांनी तुमचा पत्ता दिला. तुम्ही सायकल उचललीत, क्रँक उलटा फिरवला, कान लावला आणि म्हणालात, "ही उघडलीच न्हाई हो कुणी."

मग तुम्ही ती उघडलीत, आणि मला स्टुलावर बसवून बघायला लावलंत. क्रँक आतल्या एक्सलला जखडणाऱ्या कॉटर पिना निघाल्या, डावीकडची रिंग आणि छर्ऱ्यांची वाटी सुटली, आणि आतून ग्रीस आलं ते पांढरट, दुधाळ. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते असं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यात पुराचा गाळ. इतका बारीक की बोटांत चोळून बघितला तर खर लागत नव्हती, पण पोलादाला घासून काढायला तो पुरेसा होता. छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, तुम्ही रॉकेलच्या थाळीत टाकलेत आणि थाळी माझ्यापुढं सरकवलीत. "बाई, मोजा." पाव इंची, एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला ११. मग एकेक उचलून उजेडात धरायला सांगितलंत. काही लखलखीत, काही मंद, एकदोघांना सुईनं टोचल्यासारखे डाग. मी म्हटलं, खराब तेवढेच बदलू या. तुम्ही मान हलवलीत. नवे आणि झिजलेले एकत्र घातले की सगळा भार नव्यांवर येतो आणि वाटी खराब होते, बदलायचे तर सगळेच. एक्सलवर छर्रे फिरतात त्या पट्ट्यावरून नख फिरवायला लावलंत, आणि नख अडकलं.

जुना एक्सल तुम्ही कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलात. "काय बदललं ते गिऱ्हाइकाच्या हातात पडाय पाहिजे." तेव्हापासून कुणी मला विचारलं की चांगलं दुकान कसं ओळखायचं, तर माझं उत्तर ठरलेलं: जुना पार्ट मागा. हसत काढून देतो तो मेकॅनिक चांगला. ‘टाकला की तो’ म्हणतो, त्याच्याकडं फार तर हवा भरावी.

शेवटी तुम्ही सीटचा पाइप उपसलात आणि फ्रेम उलटी धरलीत. पूर जाऊन कितीतरी दिवस झाले होते, तरी नळीतून गढूळ पाण्याची धार लागली. पाइपानं धुणाऱ्यांनी बाहेरून धुतली होती, आतलं पाणी आतच गंजवत बसलं होतं. मी तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर सीटचा पाइप काढते, पुसते, ग्रीसचा हात फिरवून परत बसवते. नाहीतर तो आत जाम होतो आणि मग हातोडीशिवाय निघत नाही.

ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. बातमी वाचून मी तुमच्याकडं पळत आले होते, की आता पार्ट कुठले? तुम्ही हसलात. या काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची जवळजवळ एकच, आणि माल बहुतेक लुधियान्याचा. कंपनी गेली तरी सायकल राहते.

आता वाटणी. माझ्या वाट्याला तुम्ही हवा, पंक्चर, चेन आणि ब्रेकचे रबर दिलेत. यातलं पंक्चर सगळ्यांना सोपं वाटतं, आणि तिथंच तुम्ही मला सगळ्यात जास्त वेळ बसवलंत. भोक सापडल्यावर लगेच घासपेपर घ्यायचा नाही, आधी भोक कुठं आहे ते बघायचं. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच, आणि ती अजून टायरमध्येच बसलेली असते. टायरच्या आतून बोटं फिरवून ती काढल्याशिवाय ठिगळ लावणं म्हणजे उद्या परत पंक्चर. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलीय आणि आऱ्याचं टोक टोचतंय. आणि शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटाबिटा काही नाही; हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरली. आपल्या रस्त्यांवर हे तिसरं फार. मग सोल्यूशन. लावलं की लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. ते सुकू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग ठिगळ दाबायचं. घाईनं लावलेली ठिगळं चार दिवसांत उकलतात, ती का, ते तेव्हा कळलं.

चेनचं तर तुम्ही मला सुताराची टेप घेऊन शिकवलंत. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ अंतरांना बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. अर्धं सूत जास्त भरलं की चेन बदलायची. पुरं सूत भरलं तर उशीर झाला, मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलचे दातही गेले, दोन्ही बदला. हे मी आठवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना वापरते. मुलं सायकल स्टँडवर टेप घेऊन पालथी पडतात, आणि एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच हे मरेपर्यंत विसरत नाहीत. ऑईलचंही तसंच. चेन आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, मग एकेका रोळीवर एकच थेंब, पायडल उलटं फिरवायचं आणि वरचं ऑईल परत पुसून टाकायचं. ऑईल आत हवं, वर राहिलेलं नुसती धूळ धरतं. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आमच्या रस्त्यावर धुळीला काय तोटा!

तुमच्या वाट्याची कामं म्हणजे फ्रीव्हील, कॉटर पिना, चाकाच्या मधला हब आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं. कॉटर ठोकताना क्रँकला खालून आधार लागतो, नाहीतर हातोडीचा सगळा मार वाटीवर आणि छर्ऱ्यांवर बसतो. फ्रीव्हील काढायला वेगळा पाना लागतो, तो माझ्याकडं नाही, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या पान्याला घरात जागाही नाही. आऊट मात्र पान्याचा प्रश्नच नव्हे. आऱ्यांची चावी बाजारात स्वस्तात मिळते. माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० आरे, पुढच्याला ३२. एक आवळला की चाक त्या बाजूला ओढलं जातं, म्हणून समोरच्या बाजूचा सैल करायचा, आणि एवढं करून चाक गोलही राहिलं पाहिजे. तुम्ही चाक फिरवत एकेका आऱ्यावर नख मारत जाता आणि आवाजावरून सैल आरा पकडता, तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवतात तसं वाटतं. चावी विकत मिळते, कान मिळत नाही.

माझा भाचा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, व्हिडिओ बघून सगळं घरी होतं, दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे. शाळेतल्या माझ्या मैत्रिणींचं म्हणणं बरोबर उलटं: पंक्चरला चहा-वड्याइतके पैसे पडतात, हात कशाला काळे करायचे? पैशाचा हिशेब केला तर मैत्रिणींचंच खरं. आपल्याकडं मिस्त्रीची मजुरी इतकी कमी आहे की घरी काम करून वाचतं ते काहीच नाही. (ती इतकी कमी असावी का, हा वेगळा विषय, आणि त्यावर तुम्ही एक शब्द बोलत नाही.) पण मला घरी काम करून पैसे वाचवायचेच नव्हते. सकाळी सातच्या शाळेला निघताना चाक बसलेलं दिसलं तर त्या वेळी एकही दुकान उघडं नसतं. आणि दुसरं, मला आता दुकानात काय बोलायचं ते कळतं. पूर्वी ‘काहीतरी आवाज येतोय’ एवढंच सांगता यायचं, आणि ‘काहीतरी’वर कुणी कसलंही बिल करू शकतो. बाईमाणूस सायकल घेऊन आली की दुकानदार सोबतच्या पुरुषाशी बोलतो, सोबत पुरुष नसेल तर सायकलीशी. तुम्ही पहिल्या दिवशी पाना माझ्याच हातात दिलात.

भाच्याला मी सांगते, डावीकडचं पायडल काढून दाखव. तो नेहमीप्रमाणं डावीकडं फिरवत बसतो आणि ते आणखी घट्ट होतं, कारण डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. हे व्हिडिओत असतंच, पण व्हिडिओ बघणारा घाईत असतो.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, की हे सगळं शिकवून तुमचं नुकसान नाही का? तुमचं उत्तर मला फार आवडलं, कारण त्यात मोठेपणाचा आव नव्हता. "पंक्चरसाठी हातातलं काम सोडून उठाय लागतंय. हात ग्रीसनं भरल्यात, दारात पोरगं रडकुंडीला आलंय, शाळेची घंटा व्हायची. त्यापरास तुमीच काढा की. आन तुमी चेन नीट ठेवली तर सायकल टिकती. टिकली तर धा वर्सं माझ्याकडं येती." हा साधा धंद्याचा हिशेब आहे आणि तो शंभर टक्के बरोबर आहे.

आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, हे आम्ही मुलांना शिकवतो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाली, १८८८ साली, हे पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. पंप आणि नांगरांच्या आधी सायकल! त्यांना खरं वाटावं म्हणून दुकानात एकदा वर्ग आणायचं मनात आहे. तुमची टपरी केवढी आणि माझी मुलं किती, ते बघता दोन तुकड्या कराव्या लागतील. नाही म्हणू नका. भाषण करायचं नाही, फक्त एक हब उघडायचा.

आणि एक काम. मुलगी रविवारी मैत्रिणींबरोबर दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आली, तेव्हापासून तिच्या गिअरच्या सायकलीची चेन मोठ्या चक्रावर चढताना कुरकुरतेय. तुम्ही सांगितलं होतंत तसं तारेच्या टोकाची गोल चकती अर्धा फेरा फिरवून बघितली, थोडा फरक पडला. चेन दोन्ही टोकांना कुठवर जावी ते ठरवणाऱ्या एच आणि एलच्या स्क्रूंना हात लावलेला नाही. मागून बघितलं तर चेन सरकवणारा गिअरचा हात किंचित आत वाकल्यासारखा दिसतोय, बहुतेक कुठंतरी पडलीय आणि मला सांगत नाही. आऱ्यांत जायच्या आधी बघून घेतलेलं बरं, म्हणून तिला चालवू नको म्हटलंय. ब्रेकचे रबर मी बदललेत, ते तेवढे तपासा. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकरापर्यंत हातात धरून घेऊन येते. पैसे या वेळी पूर्ण घ्या, ‘बाई, तुमचं काय’ चालणार नाही.

आपली,
ॲटलासवाल्या बाई