दात भरताना लाळ आणि लवंग तेल

संपादक महाशय,

कोकणात दात किडला की आधी मशेरी, मग लवंग तेलाचा बोळा आणि ठणका असह्य झाला की तालुक्याचा दवाखाना, हा क्रम ठरलेला. पण लवंग तेलातील युजेनॉलमुळे दात भरायचे दाताच्या रंगाचे साहित्य, म्हणजे कंपोझिट, नीट कडक होत नाही, हे फारसे कुणी सांगत नाही. बोळा ठेवला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कंपोझिटचे दुसरे वैर लाळेशी. कीड कोरून झाल्यावर आम्लाचे जेल साधारण १५ सेकंद लावून धुतात, दात सुकवून वर बाँडिंगचा, म्हणजे कंपोझिट दाताला चिकटवणारा, पातळ थर देतात. तेवढ्यात लाळेचा ओघळ आत गेला तर पकड जाते, कडेला फट पडते आणि भरलेल्या दाताखाली पुन्हा कीड लागते. म्हणून कापूस बदलण्यात किंवा रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा दाताभोवतीचा रबरी पडदा) लावण्यात वेळ गेला तर कुरकुर नको. पुढे कंपोझिटही एकदम कोंबायचे नसते. साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर देऊन तो कडक करायला त्यावर निळा दिवा धरावा लागतो.

बधिरपणामुळे भरलेला दात उंच राहिल्याचे लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी चावताना तोच आधी टेकत असेल तर परत जाऊन घासून घ्यावा. गार कोकम सरबताने काही दिवस क्षणभर झिणझिणले तर घाबरू नये. रात्री आपोआप ठणकणारा दात मात्र नुसता भरून भागत नाही, बहुधा रूट कॅनाल लागते. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी तो घाईत बुजवून घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक दंतवैद्य, राजापूर