बीडीडीच्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना कोणी विचारणार आहे का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या चाळीस मजली पुनर्वसन इमारतीच्या पहिल्या दोन विंगांमधील ५५६ गाळेधारकांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी घराच्या चाव्या मिळाल्या. तेव्हापासून या टॉवरविषयी वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर भरपूर लिहिले, बोलले गेले. त्यातले बहुतेक मी आवडीने वाचले, कारण माझे बालपण लोअर परळच्या चाळीत गेले आणि उतारवय पुनर्विकसित इमारतीच्या वरच्या मजल्यावर चालले आहे. पण जे वाचले त्यात इमारत कशी आहे, तिथे रोजचे जगणे कसे चालेल, याबद्दल फारसे काही सापडले नाही. म्हणून हे पत्र.

प्रतिक्रियांचे ढोबळमानाने तीन सूर दिसले. पहिला अर्थातच आनंदाचा. १६० चौरस फुटांच्या गाळ्यातून ५०० चौरस फुटांच्या, दोन शयनगृहांच्या आणि मालकी हक्काच्या घरात जाणे ही लहान गोष्ट नाही. दुसरा सूर हळहळीचा : गॅलरी गेली, शेजार गेला, चाळसंस्कृती संपली. तिसरा सूर असूयेचा, आणि तो बराच मोठा होता. ‘यांना फुकटात दोन-तीन कोटींचे घर मिळाले, आता विकून बदलापूर-विरारला जातील’, असे लोक उघडपणे लिहीत होते. घरे विकू नका, असे आवाहन खुद्द मुख्यमंत्र्यांनीही केले.

हळहळ करणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की बीडीडी चाळीत प्रत्येक मजल्यावर वीस गाळे आणि त्या विसांसाठी सार्वजनिक संडास ही व्यवस्था त्यांनी किती वर्षे वापरली आहे? रात्री-अपरात्री आजारी माणसाला धरून तिथवर नेणे, घरातल्या मुलींनी सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहणे, मोरीच्या आडोशाला कपडे बदलणे, हे ज्या घरांत शंभर वर्षे चालले त्या घरांतल्या बाईला नव्या इमारतीत सर्वांत आधी काय आवडले असेल हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. दाराला आतून कडी लावता येणारे स्वतःचे न्हाणीघर मिळाल्यावर चाळसंस्कृती गेल्याचे दुःख तिने करावे, ही अपेक्षा मला थोडी निर्दयच वाटते.

‘फुकट’ या शब्दाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवे. गाळेधारकाने बांधकामाचे पैसे दिलेले नाहीत, हे खरे आहे. पण ते सरकारने तिजोरीतून दान केले असेही नाही. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील ३३(९)(ब) हा नियम खास बीडीडी चाळींसाठी आहे. त्यानुसार या भूखंडांवर चार चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकाम, मिळतो, पुनर्वसन इमारतींच्या जोडीला विक्रीच्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांच्या विक्रीतून सगळा खर्च निघायचा असतो. म्हणजे या घरांची किंमत पैशात नव्हे, तर दाटीत चुकवली गेली आहे. चार मजली चाळींच्या त्याच जमिनीवर पूर्वीची सगळी कुटुंबे आणि शिवाय विक्रीच्या इमारतींतली नवी कुटुंबे राहणार. त्यांचे सांडपाणी, त्यांच्या गाड्या आणि त्यांची मुले शेजारचे रस्ते, शाळा आणि मैदाने वाटून घेणार. गाळेधारकांवर रागावलेल्या करदात्याने खरे तर या दाटीचा आराखडा मागून बघायला हवा होता. तो मागितलेला मला तरी कुठे दिसला नाही.

असा आराखडा न विचारता माथी मारण्याची या चाळींची परंपरा जुनीच आहे. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प सोडला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, प्रत्येकीत ऐंशी गाळे, म्हणजे साधारण साडेसोळा हजार. सिमेंट काँक्रीटच्या या इमारतींचा तेव्हा केवढा गाजावाजा होता! पण वरळीच्या चाळी पहिली कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्याच पडून राहिल्या. गिरण्यांपासून लांब, खोल्या अंधाऱ्या, भाडे न परवडणारे. कामगारांनी आपली प्रतिक्रिया लेख लिहून दिली नाही, ते फक्त तिथे राहायला गेले नाहीत. पुढे शहर वाढत गेले, जागेची चणचण आली आणि त्याच खोल्यांना सोन्याचा भाव आला, ही गोष्ट वेगळी. आजच्या गाळेधारकाला मात्र न जाण्याचा पर्याय नाही. त्याची चाळ पाडली गेली आहे, दरम्यान तो संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत राहिला आहे आणि कोणत्या मजल्यावर घर मिळणार हे संगणकीय सोडतीने ठरले आहे. ज्याला नकार देता येत नाही त्याचे म्हणणे मुद्दाम विचारूनच घ्यावे लागते.

ते विचारले तर काय निघेल, याचा अंदाज उंच इमारतीत राहणारा कोणीही देऊ शकेल. पहिली गोष्ट निघेल ती लिफ्टची. दोन विंगांत ५५६ घरे म्हणजे एका विंगेत पावणेतीनशेच्या वर. घरटी पाच माणसे धरली तर एका विंगेत चौदाशे माणसे होतात. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात त्यातली निम्मी तरी शाळा, कॉलेज, नोकरी, दूध, भाजी या निमित्ताने खाली येणार. चाळीत तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा जिना उतरून मिनिटाभरात रस्त्यावर असायचा. चौतिसाव्या मजल्यावरच्या मुलाचे रस्त्याशी असलेले नाते किती लिफ्ट चालू आहेत यावर ठरते. इमारतीच्या कागदपत्रांत लिफ्टची संख्या असते, तिचा वेग असतो, पण गर्दीच्या वेळी माणसाला सरासरी किती वेळ ताटकळावे लागेल हा आकडा रहिवाशांना कोणी सांगत नाही. आराखडा करताना वास्तुविशारद तो काढत असतात, काढावाच लागतो. मग तो जाहीर करायला हरकत कोणती? विक्रीच्या टॉवरमधला ग्राहक हाच प्रश्न माहितीपुस्तिकेवर बोट ठेवून विचारतो आणि त्याला उत्तरही मिळते.

गॅलरीबद्दलची हळहळ मी वर मोडीत काढली, तरी माझ्या लहानपणीच्या चाळीतल्यासारख्या उघड्या गॅलरीत एक खरी सोय होती आणि ती नव्या रचनेत कशी आणायची याचा विचार व्हायला हवा होता. गॅलरीमुळे घराबाहेर पाऊल टाकले की उजेड, वारा आणि माणूस तिन्ही मिळत. म्हातारी माणसे तिथे बसून असत, लहान मुले त्यांच्या नजरेखाली खेळत आणि आईला स्वयंपाक करता करता मूल कुठे आहे हे कळे. आता एका मजल्यावर सात-आठ दारे आणि मध्ये लिफ्टसमोरची लॉबी. या लॉबीला बाहेरची एक खिडकी असली आणि कडेला चार माणसे टेकू शकतील एवढी जागा सोडली, तरी गॅलरीतले बरेच काही वाचते. तसे झाले नाही तर दिवसाही दिवा लावून ठेवावा लागतो आणि लोक दार बंद करून आत बसतात, मग आपण माणसे बदलली म्हणून बोटे मोडतो. आमच्या इमारतीत असेच झाले आहे. वयाची सत्तरी ओलांडलेले आम्ही काही जण आग लागल्यास थांबण्यासाठी राखून ठेवलेल्या रेफ्यूज मजल्यावर संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतो. नियमाने ते योग्य नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण अख्ख्या इमारतीत वारा येणारी सामायिक जागा तेवढीच आहे.

दुसरा मुद्दा उजेडाचा, आणि तो आवडीनिवडीचा नाही. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो. एक मजला तीन मीटर धरला तर चाळीस मजली इमारत १२० मीटर उंच होते आणि त्या वेळी तिची सावली उत्तरेकडे सुमारे ११० मीटर लांब पडते. जुन्या चाळीची सावली बारा-तेरा मीटरवर संपत असे. एका टॉवरपुरते हे चालून जाते, पण एका आवारात असे अनेक टॉवर ओळीने उभे राहिले की खालच्या दहा-पंधरा मजल्यांना ऊन किती मिळेल याचा हिशेब इमारतींमधल्या अंतरावर अवलंबून राहतो. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेले दिवंगत अभियंते व नगररचनाकार शिरीष पटेल यांनी बीडीडीच्या आराखड्यांतील याच दाटीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्यांच्या शंकेला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची डॉक्टरांच्या एका संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांच्या साथीने पाहणी केली होती. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर ठेवल्याने खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त आहे, असे तीत दिसून आले. वरळीची रचना त्या वसाहतींहून कितीतरी बरी आहे, हे मान्य करूनही मला असे वाटते की एखाद्या मजल्यावर २१ डिसेंबरला किती तास ऊन येईल ही माहिती सोडतीत घर घेणाऱ्याला आधी मिळायला हवी. हा आकडा संगणकावर अर्ध्या दिवसात निघतो.

तिसरा मुद्दा मेंटेनन्सचा, आणि घरे विकली जातील की टिकतील हे आवाहनांपेक्षा त्यावरच ठरेल. सुरुवातीची दहा-बारा वर्षे देखभालीचा भार म्हाडा उचलणार असल्याने आज कोणाला त्याची झळ नाही. पण पाणी चाळीस मजले वर चढवणारे पंप, लिफ्ट, अग्निशमनाची यंत्रणा, जनित्र, पार्किंगची देखभाल, सुरक्षारक्षक हे सगळे वयाबरोबर महाग होत जाते आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती नेमकी बारा-पंधरा वर्षांनी निघते. म्हणजे म्हाडा बाजूला होईल तेव्हाच खर्चाचा डोंगर उभा राहील आणि तो निवृत्त पोलीस शिपाई, पालिकेचे सफाई कामगार, गिरणी कामगारांच्या विधवा यांच्या सोसायटीच्या डोक्यावर येईल. चाळीत भाडे नाममात्र होते. दरमहा काही हजार रुपये मेंटेनन्स भरणे ज्यांना जमणार नाही त्यांनी घर विकले, तर त्यांना मराठी माणसाचे मुंबईप्रेम शिकवण्यात काय अर्थ आहे? एका इमारतीचा आज होणारा मासिक खर्च, लिफ्ट आणि पंपांसह, म्हाडाने आतापासून दर वर्षी सोसायटीसमोर मांडला, तर लोकांना तयारीला दहा वर्षे मिळतील.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण असे की पहिल्या दोन विंगा म्हणजे या प्रकल्पाचा अगदी छोटा भाग आहे. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने प्रकल्पाबाहेर राहिल्या, तरी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ चाळींचे आणि पंधरा हजारांहून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन व्हायचे आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या इमारती बावीस-तेवीस मजल्यांच्या आहेत, वरळीच्या चाळीस. म्हणजे एकाच योजनेत दोन वेगळ्या उंचीचे नमुने सरकारच्या हाताशी आयते आले आहेत. लोक राहायला जाऊन वर्ष झाले की दोन्ही ठिकाणी घरोघर जाऊन नीट पाहणी करावी. लिफ्टला किती वेळ लागतो, पाण्याचा दाब कसा आहे, खालच्या मजल्यावर दिवसा दिवे किती वेळ लागतात, म्हातारी माणसे दिवसातून किती वेळा खाली उतरतात, मुले कुठे खेळतात, असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे छापावीत. हे काम वास्तुकला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल. ज्या इमारतींचा पाया अजून भरलेला नाही त्यांच्या लॉबीला खिडकी ठेवणे, एखादी लिफ्ट वाढवणे, दर दहा मजल्यांवर मुलांसाठी उघडी जागा सोडणे अजून कागदावर शक्य आहे.

आपल्या दैनिकाने चावीवाटपाच्या दिवशी पान भरून छायाचित्रे छापली होती. एका वर्षानंतर त्याच दोन विंगांत एक बातमीदार सकाळी आठ वाजता, लिफ्टसमोर रांग लागलेली असताना पाठवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
प्रभादेवी, मुंबई