विक्रेत्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचे खाते बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीचे ऑनलाइन सेल आले की सवलतींच्या बातम्यांनी पाने भरतात. त्या सेलमध्ये माल विकणारा छोटा कारखानदार कोणत्या अटींवर तिथे उभा असतो, हे मात्र फारसे छापून येत नाही. आम्ही सोलापुरी टॉवेल आणि चादरी पोर्टलवर विकतो. आमच्यासारख्यांची बाजू वाचकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात एका मोठ्या पोर्टलने आमचे खाते रातोरात बंद केले. 'विक्रेता धोरणाचा भंग' एवढेच ईमेलमध्ये होते. कोणती ऑर्डर, कोणता माल, कोणाची तक्रार, काही नाही. सगळ्या लिस्टिंग गायब झाल्या आणि ग्राहकांच्या हाती पडलेल्या मालाचे पैसेही अडकले. खाते परत हवे तर 'कृती आराखडा' पाठवा, म्हणजे चूक का झाली, ती कशी सुधारली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, ते लिहून द्या. आरोपच सांगितलेला नसताना कबुली कशाची द्यायची? माझा पुतण्या अंदाजाने कारणे लिहून पाठवत राहिला आणि दर वेळी तेच ठरावीक उत्तर येत राहिले. फोन लागतो तो कॉल सेंटरला, आणि तिथल्या मुलांच्या हातात काहीच नसते. पुढे खाते सुरू झाले, पण कारण आजही कळलेले नाही. तोवर लग्नसराईतल्या आहेराच्या टॉवेलांची विक्री हातची गेली होती आणि कामगारांची मजुरी आम्ही उसनवारी करून भागवली होती.

रिटर्नचा त्रास तर रोजचा. नव्या सेटच्या जागी वापरून धुतलेले, कडा सुटलेले टॉवेल परत येतात. त्यावर दावा करायचा तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ लागतो. आधी लेबलवरचा नंबर स्पष्ट दिसायला हवा, मग सील, मग आतला माल, आणि चित्रण मध्ये कुठेही तुटता कामा नये. पत्नी कात्री चालवते, मी मोबाइल धरतो. एवढे करूनही 'पुरावा अपुरा' म्हणून दावा फेटाळला जातो आणि परतीचे भाडे आमच्याच खात्यातून कापले जाते.

ग्राहकांना फसवणारे, नकली माल खपवणारे विक्रेते आहेत आणि त्यांना हाकललेच पाहिजे. नियमांना आमचा विरोध नाही. पण आरोप ठेवणारा, निकाल देणारा आणि पैसे अडवून धरणारा एकच असेल, तर प्रामाणिक माणसाने दाद कुठे मागायची?

'मग सोडून का देत नाही?' असे ओळखीचे लोक विचारतात. अनेक वर्षे जमवलेले रेटिंग आणि रिव्ह्यू त्या पोर्टलवरच राहतात, दुसरीकडे गेले की पुन्हा श्रीगणेशा. ग्राहक कोण, हे आम्हाला धड कळत नाही, त्यामुळे त्याच्याशी थेट संबंध जोडता येत नाही. माल त्यांच्या गोदामात असेल तर तो परत आणायलाही शुल्क पडते. विक्रेते टिकावेत म्हणून कंपन्या कमिशन कमी करतात, हे खरे आहे. मीशोने २०२१ मध्ये शून्य कमिशन आणले, अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या मालावरचे कमिशन काढून टाकले. याचा लहान विक्रेत्याला फायदा होतो, तो नाकारत नाही. पण खाते कधी बंद पडेल याचा भरवसा नसेल, तर वाचलेल्या कमिशनवर कोणी नवा माग घेत नाही.

जुलै २०२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. १२ तारखेला युरोपीय संघात पोर्टल आणि विक्रेते यांच्यातील व्यवहारांचा कायदा लागू झाला. विक्रेत्यावर निर्बंध घालताना कारण लेखी द्यायचे, खाते कायमचे बंद करायचे तर सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी कळवायचे, अटी बदलायच्या तर किमान १५ दिवसांची सूचना द्यायची, आणि लहान पोर्टल वगळता इतरांनी तक्रार ऐकणारी यंत्रणा ठेवायची, असे त्यात आहे. आपल्याकडे २३ तारखेला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आले. त्यांत ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचे बंधन आहे. विक्रेत्यांमध्ये डावे-उजवे होत असेल तर ते अटींमध्ये नमूद करा, असेही कलम आहे. पण बंद पडलेल्या खात्याचे कारण किती दिवसांत द्यायचे, रोखलेल्या पैशांचे काय करायचे, यावर ते गप्प आहेत. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा खरेदीदाराला लागू होतो, आणि पोर्टल तर स्वतःला मध्यस्थ म्हणवते.

बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे जावे, तर तो मार्ग आमच्या आवाक्यातला नाही. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टविरुद्ध आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती उठून, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारेपर्यंत ऑगस्ट २०२१ उजाडला. एवढा काळ चार मागांचा कारखाना थांबू शकत नाही.

आमच्या प्रत्येक विक्रीतून जीएसटीचा ०.५ टक्का आणि आयकराचा ०.१ टक्का कापून घेण्याचे काम सरकारने या पोर्टलांवरच सोपवले आहे. वसुलीसाठी त्यांना नियमाने बांधता येते, तर विक्रेत्याच्या संरक्षणासाठीही बांधता येईल. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२० च्या नियमांत विक्रेत्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घालावे. खाते बंद करण्यापूर्वी ऑर्डर क्रमांकासह लेखी कारण, उत्तर द्यायला मुदत, अपिलावर निर्णयाचा अधिकार असलेला माणूस, आणि ज्या ऑर्डरींबद्दल वाद नाही त्यांचे पैसे ठरल्या दिवशी, एवढे त्यात असावे. सोलापूर, इचलकरंजी आणि मालेगाव भागातील खासदारांनी पुढच्याच अधिवेशनात हा प्रश्न मांडावा, ही विनंती.

आपला,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर