पायऱ्या तपासा, नुसतं उत्तर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वडगावात शिलाईचं काम करते. मुलगा मराठी माध्यमात दहावीला आहे. रात्री जेवणं आटोपली की मशीनवरच्या दिव्याखालीच आम्ही दोघं गणिताची वही घेऊन बसतो. माझंही शिक्षण दहावीपर्यंतच, पण वर्गसमीकरणं मला तेव्हापासून आवडतात.

गेल्या आठवड्यातलं गणित सांगते. आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ १५० चौरस मीटर, तर रुंदी किती? वहीत 'रुंदी १०' एवढंच लिहिलेलं आणि त्यावर बाईंची बरोबरची खूण. कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, "अंदाजानं. दहा पंधरा दीडशे."

म्हटलं, आता मांडून दाखव. रुंदी क्ष, लांबी क्ष + ५. समीकरण झालं: क्षचा वर्ग + ५क्ष − १५० = ०. गुणाकार −१५० आणि बेरीज +५ हवी, म्हणून +१५ आणि −१०. ५क्ष चे +१५क्ष आणि −१०क्ष असे दोन भाग केले, पहिल्या जोडीतून क्ष बाहेर काढल्यावर कंसात क्ष + १५ राहिलं. इथवर छान. पण −१०क्ष − १५० मधून −१० बाहेर काढताना कंसात त्याने क्ष − १५ लिहिलं. दोन्ही कंस सारखे येईनात, तशी त्याने वही मिटली. मी ती उघडायला लावली आणि म्हटलं, कंस परत गुणून बघ. −१० गुणिले −१५ म्हणजे +१५०, वर तर −१५० आहे. "आई, चिन्ह चुकलं गं!" उसवल्यावर चुकलेला टाका सापडावा तसं झालं. मग १० आणि −१५ अशी दोन उत्तरं आली. रुंदी ऋण नसते म्हणून −१५ सोडलं, हेही त्याने स्वतःच लिहिलं.

त्याआधीच्या चाचणीत अशाच तीन गुणांच्या गणिताला नुसत्या उत्तराबद्दल एकच गुण मिळाला होता. घरच्या वहीवर मात्र सगळ्या बरोबरच्या खुणा! शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हे मला कळतं. पण रोज दहा गणितं देण्यापेक्षा तीनच द्यावीत आणि त्यांची ओळ न् ओळ बघावी.

आम्हा सीमाभागातल्या पालकांची आणखी एक अडचण आहे. कोल्हापूरच्या बहिणीने मायेने गाईड पाठवलं. तिकडे महाराष्ट्रात गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, आपल्याकडे कर्नाटकात ८० गुणांचा एकच आणि २० अंतर्गत. धड्यांचा मेळच बसत नाही. मोबाईलवर शोधलं तर सोडवलेली गणितं सापडतात ती कन्नडात नाहीतर इंग्रजीत.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती, रविवारच्या अंकात कर्नाटकच्या दहावीच्या अभ्यासक्रमातलं एक गणित मराठीतून पूर्ण सोडवून छापावं. प्रत्येक ओळीशेजारी ती कशी आली तेही लिहावं. त्रिकोणमितीतल्या उंची-अंतराच्या गणितांपासून सुरुवात केलीत तर बरं होईल, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात तीच निघणार आहेत.

आपली,
एक पालक, वडगाव, बेळगाव